दहा बोल्टांवरची लाल रेघ

चिखल काही फार नव्हता. पंधरा-वीस पावलांचा असेल. कालव्याचं पाणी पाझरून काळी माती फुगली होती आणि तिच्यातून उसाची ट्रॉली गेल्यामुळं दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. पलीकडं सारजामावशीची वस्ती दिसत होती, चुलीचा धूरसुद्धा दिसत होता. कौसल्या म्हणत होती, मागनं वळसा घालून जाऊ, पण मी मुद्दाम जीप त्यात घातली. आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. तेरा वर्षं मी ज्या वेळेसाठी ही गाडी सांभाळली ती वेळ आली होती, आणि शेजारी बघायला बायको होती. "आता बघ," मी म्हणालो, "आता फोरव्हील लावतो." गिअरच्या शेजारी एक बुटकी लिव्हर असते. ती पुढं ढकलली की एरवी नुसती फिरत राहणारी पुढची चाकंही जोर लावायला लागतात, आणि गाडी कसल्याही राडीतून निघते. मी लिव्हरवर हात ठेवला. कौसल्या म्हणाली, "राहू द्या की. उतरून ढकलू." मी हसलो. लिव्हर खट्कन बसली. तो आवाज इतका चोख होता की माझ्या अंगावर काटा आला. क्लच सोडला. मागची चाकं चिखल उडवत राहिली आणि पुढची दोन्ही, लग्नात रुसून बसलेल्या पाहुण्यांसारखी, ढिम्म. मी पुन्हा लिव्हर मागं घेतली, पुन्हा लावली. काही नाही. डावीकडं बघितलं तर कौसल्या आधीच उतरली होती. चपला हातात, निऱ्या वर खोचलेल्या. ती चाकांकडं बघत नव्हती. पाय कुठं ठेवायचा ते बघत होती.

शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून ओढलं. "फोरव्हील हाय न्हवं?" त्यानं दात काढत विचारलं. "हाय," मी म्हणालो. मावशीकडं जेवताना मला मटणाची चव लागली नाही. मी मनात एकेक भाग उघडून बघत होतो, आणि त्या सगळ्या भागांच्या मागं एक बारीकशी गोष्ट खुपत होती. कौसल्या आधीच उतरली होती. बायकांना कळतं आधी, असं म्हणून मी ती गोष्ट सोडून दिली. ती मात्र मला सोडत नव्हती.

मी वालचंदनगरच्या कारखान्यात इन्स्पेक्टर आहे. म्हणजे दुसऱ्यानं बनवलेल्या दातेरी चक्राला माप लावून हे पास, हे नापास असं सांगणं. केसाच्या दहाव्या भागाइतका फरक मला पकडता येतो, आणि पकडला की मी सोडत नाही, म्हणून कारखान्याच्या शॉपमध्ये माझ्यावर कोणाचं प्रेम नाही. ही जीप मी चौऱ्याऐंशी साली एका लिलावातून घेतली, तेव्हाच ती म्हातारी होती. तेव्हापासून एकाही मेकॅनिकचा हात मी तिला लागू दिला नाही. एकदाच, पुढच्या चाकाची पिन अडकली तेव्हा, इंदापूरचे चाँदभाई येऊन गेले, तेही माझ्या डोळ्यांसमोर. बाकी सगळं दर रविवारी क्वार्टरच्या मागं लिंबाखाली, गोणपाटावर उताणा पडून मीच केलं. आणि प्रत्येक रविवारी बॅटरी धरायला कौसल्या. गाडीच्या पोटाखाली भर दुपारीसुद्धा अंधार असतो. ती पाटावर बसायची आणि मी सांगेन तिथं उजेड टाकायची. आम्हाला मूलबाळ झालं नाही. लोक रविवारी पोरांना घेऊन बारामतीला सिनेमाला जायचे, आम्ही असे. मी वर तिचे पाय तेवढे बघायचो, जोडवी घातलेले, आणि बोलत राहायचो. ती ऐकायची. तिचा हात कधी हलला नाही. मी शॉपमध्येही सांगायचो की आमच्या हिच्यासारखा उजेड तुमच्या क्लॅम्पला धरता येणार नाही. लोक हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही, मी माझ्या बायकोची तारीफ करत होतो आणि मला दुसऱ्या शब्दांत ती करता येत नव्हती.

कारखान्यात बोल्ट पक्का आवळून तपासला की त्याच्यावरून खालच्या लोखंडावर पिवळ्या रंगाची एक रेघ मारतात. बोल्ट नंतर कोणी हलवला तर रेघ तुटते आणि कळतं. घरी पिवळा रंग कुठला? लग्नानंतर मी बारामतीच्या बाजारातून कौसल्येसाठी नखांना लावायचा लाल रंग आणला होता. "मला काय करायचाय ह्यो," म्हणून तिनं तो फळीवर ठेवून दिला होता. तो मी हत्यारांच्या पेटीत घेतला. संपला की तसाच दुसरा आणायचो. माझ्या जीपच्या प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर लाल रेघ आहे. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचं एक गोल पोट असतं, डिफरन्शियलचं. त्याच्या झाकणावर दहा बोल्ट, दहा रेघा. दर दिवाळीला मी खालचं बूच काढून त्यातलं तेल बदलायचो. झाकण उघडायची गरज कधी पडली नाही. निघालेलं तेल बोटावर घेऊन उजेडात धरायचो. त्यात लोखंडाचा एक कण नसायचा. "बघ," मी खालून म्हणायचो, "रेघसुद्धा हललेली नाही. आणि तेल बघ, कालच भरल्यासारखं." वरून ती म्हणायची, "व्हय."

फोरव्हीलची लिव्हर मात्र मी कधी लावली नाही. लावून बघायला काय जातं, असं चाँदभाई म्हणालेही होते. पण झिजणारी वस्तू कारणाशिवाय झिजवायची नाही, वेळेची वस्तू वेळेलाच, हा आमच्या घरचाच धडा. आमचे आबा मेंढरं राखायचे. त्यांनी स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची एक घोंगडी विणून घेतली होती, काळीभोर, काठाला पांढरी किनार. ती कधी पांघरली नाही. पेटीत. चांगल्या कामाला काढू, म्हणायचे. आयुष्यभर ते फाटक्या घोंगडीत कुडकुडले. ते गेले तेव्हा आम्ही दोघा भावांनी पेटी उघडली, त्यांच्या अंगावर घालायला म्हणून. घडी तशीच होती. धाकटा दादासो ती उलगडायला गेला आणि त्याच्या हातात नुसता काळा भुगा आला, कसरीनं आतून खाल्लेली. दादासो तेव्हा रडता रडता हसला होता. मला त्याचा राग आला होता. त्यातून तो काहीतरी शिकला असणार. मी काही शिकलो नाही.

सोमवारी पहिल्या पाळीवरून आलो आणि कपडे बदलून लिंबाखाली गेलो. बॅटरी धर, म्हणालो. कौसल्या म्हणाली, "डोकं दुखतंय." तेरा वर्षांत पहिल्यांदा. मी बॅटरी दातात धरली आणि खाली शिरलो. दहाही रेघा जागच्या जागी होत्या. एकही तुटलेली नव्हती, म्हणून मला जरा धीर आला. बोल्ट सोडले, झाकण सैल केलं, तेल पातेल्यात उतरू दिलं. मग झाकण काढून आत उजेड टाकला. आत काही नव्हतं. काही नव्हतं म्हणजे, ज्या पोटात ताटाएवढं दातेरी चक्र असतं, त्याला क्राऊन म्हणतात, इंजिनाचा जोर चाकांना देणारं, ते त्याच्या सगळ्या गोतावळ्यासकट नव्हतं. समोर नुसतं छोटं चक्र, पिनियन, आपल्या जागी एकटं उभं होतं. त्यावर बारीक अक्षरात जोडीचा नंबर खोदलेला असतो, कारण क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडीनंच बनवतात, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. मी त्या पिनियनला बोट लावून फिरवलं. ते फिरलं, कशालाच न लागता. मी किती वेळ तसाच पडून होतो ते सांगता येणार नाही. बॅटरी धरलेल्या तोंडातून लाळ गळून कानाकडं गेली तेव्हा कळलं. मनात एवढंच येत होतं की तेल इतकं स्वच्छ का निघायचं ते आता कळलं.

मंगळवारी रजा टाकली आणि एस.टी.नं इंदापूरला गेलो. चाँदभाईंचं दुकान स्टँडच्या मागं. ते जुने पार्ट विकतात, आणि माझ्या डोक्यात रात्रभर हेच की माझ्या गाडीच्या पोटात हात घालायचं कसब दुसऱ्या कोणाकडं आहे? गेल्या गेल्या, गिऱ्हाईक उभं असताना मी म्हणालो, "चाँदभाई, माझा पुढचा क्राऊन कुठं विकला?" ते आधी हसले, त्यांना वाटलं थट्टा आहे. मग माझं तोंड बघून त्यांनी गिऱ्हाइकाला हातानं थांबा म्हटलं, मला आत स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मी पाणी घेतलं नाही. ते सगळं ऐकत गेले. मग म्हणाले, "रेघा तुटल्या हुत्या?"

"नाही."

"दहाच्या दहा हुत्या?"

"दहाच्या दहा."

"मंग बिरदेवराव," ते हळू आवाजात म्हणाले, "मी बोल्ट खोललं आसतं तर वरनं तुमची लाल रेघ कोन वढनार? ती बाटली तुमच्या घरात हाय. माज्या दुकानात न्हाय." ते आणखी काहीतरी बोलणार होते असं मला वाटलं. पण त्यांनी खाली बघून फडक्यानं उगाच हात पुसले. "पानी प्या," म्हणाले. मी उठलो. माफी मागायला हवी होती एवढं मला तिथंच कळलं होतं, पण मी मागितली नाही. त्या वेळी माझं सगळं लक्ष माझ्याच घराकडं लागलं होतं.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसलो आणि त्या रेघा डोळ्यांसमोर आणल्या. माणसाला कामाची सवय असली की बघितलेली वस्तू डोळ्यात राहते. माझी रेघ घाईची असते, फराटा. त्या दहा रेघा सरळ होत्या, सगळ्या एका लांबीच्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी ब्रश उचलताना टोक काढलेलं. कौसल्या दिवाळीला उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढते तशी. सहा वर्षं मी दर दिवाळीला तिच्या हातच्या रेघा तिलाच दाखवत होतो. बघ, हललेली नाही. व्हय. मी पुढच्या सीटवर कपाळ टेकलं. शेजारच्या बाईनं विचारलं, गाडी लागती का? मी मान हलवली. सहा वर्षं, हा हिशेब मला करावा लागला नाही. आपोआप आला. एक्क्याण्णव साली कंपनीनं मला उत्तरेत एका साखर कारखान्याची यंत्रं बसवायला दोन महिने पाठवलं होतं. तेवढेच दोन महिने गाडी माझ्या नजरेआड होती. कौसल्येची पत्रं यायची. गाडी ठीक आहे, दर रविवारी चालू करून ठेवते. त्या परमुलखात, चुन्याच्या वासाच्या खोलीत मी ती पत्रं पुन्हा पुन्हा वाचायचो. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. चालू होणारच, इंजिनाला कुठं काय झालं होतं.

आणि एस.टी. जंक्शनच्या फाट्यावर थांबली तेव्हा दादासोच्या जीपचा आवाज ऐकू आला. माझा भाऊ दादासो वडाप चालवतो, बारामती एमआयडीसीच्या कामगारांची ने-आण करतो. त्याचीही माझ्यासारखीच जुनी जीप. सहा वर्षं त्याची जीप रडते. मागच्या चाकांमधून एक लांबलचक हूं असा आवाज, वेग वाढला की वर चढणारा. सकाळी सात वाजता तो आमच्या कॉलनीवरून जातो तेव्हा क्वार्टरची अख्खी लाईन ओळखते. मी ओळखत होतो. ओळखत होतो म्हणजे काय, मी त्याला शिकवत होतो! "तुझा क्राऊन-पिनियन जोडीचा नाही रे, दादासो. क्राऊन दुसऱ्या गाडीचा आहे. कोणी तुझ्या गळ्यात मारला?" माझ्याच ओट्यावर, माझ्याच घरचा चहा पीत तो मान खाली घालून म्हणायचा, "मिळाला तसा बसवला, दादा." आणि कौसल्या कपबशा उचलून आत जायची. उघडून बघायची गरज नव्हती. दोन्ही जीपा एकाच सालच्या, मागचा आणि पुढचा क्राऊन एकाच मापाचा. माझं चक्र सहा वर्षं माझ्या दारावरून आक्रोश करत जात होतं आणि मी त्याला नापास करून चहा पाजत होतो.

घरी काही बोललो नाही. बुध, गुरू, शुक्र, शनि. कौसल्या जेवायला वाढायची, मी जेवायचो. तिला कळलं होतं की मला कळलंय, आणि मला कळलं होतं की तिला कळलंय, आणि मध्ये भाकरीची टोपली. दादासोवर मी चिडू शकत होतो. भावानं भावाचं उचललं, हे आमच्या मुलखात काही नवल नाही. चार शिव्या दिल्या की मोकळं होता येतं. पण माझी नजर जात होती ती तिच्या हाताकडं. भाकरी थापणाऱ्या, बॅटरी धरणाऱ्या. मला तो हात परका वाटायला लागला होता. ह्या हातानं मला आणखी काय काय उजेडात दाखवलंय जे तिथं नव्हतं? अठरा वर्षांच्या संसारातला एकेक बोल्ट मी सोडून बघायला लागलो, आणि ते करू नये हे कळत असून थांबता येईना. बाईचं नुसतं "व्हय" म्हणणं किती ठिकाणी होतं! मूल नाही झालं तरी चालंल ना तुला? व्हय. इथं करमतं ना? व्हय. मला तिच्याशिवाय दुसरं माणूस नाही. तिचा एक शब्द खोटा निघाला तर मी उभा राहणार कशावर, एवढीच भीती होती, आणि ती लहान नव्हती.

रविवारी झाकण बसवायला घेतलं. आत काही नसलं तरी उघडं ठेवून चालत नाही, धूळ जाते. "बॅटरी धर," मी म्हणालो. ती आली. पाटावर बसली. उजेड बरोबर पहिल्या बोल्टवर पडला, नेहमीसारखा. मी सहा बोल्ट आवळले. मग, पाना हातात तसाच धरून, तिच्या जोडव्यांकडं बघत म्हणालो, "कौसल्या, आत काही नाही हे तुला माहीत होतं."

मी उजेडाकडं बघत होतो. तो थरथरावा असं मला फार वाटत होतं. एवढासा हलला असता तरी मी सगळं विसरायला तयार होतो. उजेड हलला नाही.

"व्हय," ती म्हणाली.

"दादासोला तू दिलास."

"भावजी आलं हुतं. तुमी तिकडं लांब. त्यांच्या गाडीचा क्राऊन तुटल्याला, त्यांची पोर छकुली म्हैन्याची, आठ दिस दारात बसून हुतं. म्हनलं, वैनी, दादा फोरव्हील कधी लावत न्हाय, क्राऊन नुसता पडून हाय. दादा यायच्या आत नवा आनून बसवतो." जोडवी घातलेले पाय जरा मागं सरकले. "न्हाय जमलं त्यांना."

"आणि रेघा?"

"म्या वढल्या. तुमी आल्या आल्या बघनार, ठावं हुतं. तवर नवा आला आसता तर तुमाला कळायचीबी गरज न्हवती."

"मी आलो तेव्हा सांगायचं होतंस."

"सांगनारच हुते. तुमी आला, पानीसुदीक न पिता गाडीखाली गेला आन् वरडला, बघ, रेघसुदा हलली न्हाय. तेवढं खुशीत मी तुमाला लग्नातबी बघितलं न्हवतं. मंग कसं सांगू?"

"सहा वर्षं, कौसल्या! सहा वर्षं मी रिकाम्या पोटात तेल भरतोय आणि तू उजेड दाखवतेयस!" माझा आवाज लोखंडात घुमून मलाच परत आला. "मी चाँदभाईला चोर ठरवून आलो. त्याच्या गिऱ्हाइकासमोर."

तिनं उजेड पुढच्या बोल्टवर सरकवला. मग म्हणाली, "दर दिवाळीला वाटायचं, आज सांगावं. तुमी तेलाचं बोट वर करून दाखवायचा. मंग वाटाय लागलं, तुमी काय ती लावनार न्हाय. न्हाय लावली तर आसल्यावानीच की." आणि मग अगदी हळू, "त्या दिशी चिखलात म्या म्हनलं हुतं तुमाला, राहू द्या."

तेवढ्यात रस्त्यावरून दादासोची जीप गेली. रविवारी तो एकच खेप करतो. हूं असा आवाज कॉलनीच्या वळणावरून आला, आमच्या भिंतीजवळ वाढला, आणि चढावर जाऊन बारीक झाला. आम्ही दोघांनी तो पुरता ऐकला. तिनं म्हटलेलं खोटं नव्हतं. मी लिव्हर कधी लावणार नव्हतो. मला ती वस्तू हवी नव्हती, ती आहे एवढंच हवं होतं, आणि तेवढं मला कौसल्येनं सहा वर्षं बिनबोभाट पुरवलं. हे कळलं म्हणून राग कमी झाला असं नाही. उलट वाढला, कारण आता तो ठेवायला नीट जागा राहिली नाही. उरलेले चार बोल्ट मी गरजेपेक्षा जास्त आवळले. बूच काढून नवं तेलही भरलं, सवयीनं. तेल ओतताना आपण काय करतोय हे ध्यानात आलं, तरी डबा संपेपर्यंत ओतत राहिलो.

मग घसटत बाहेर आलो. तिनं नेहमीप्रमाणं पेटीतली लाल बाटली काढून पुढं केली होती, झाकण सैल करून. मी ती घेतली नाही. "रेघ तूच काढ," मी म्हणालो. "तुझी चांगली येते." लागावं म्हणूनच बोललो, आणि लागलं ते दिसलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग बॅटरी माझ्या हातात दिली, पदर कमरेला खोचला, बाटली मुठीत धरली आणि गोणपाटावर उताणी होऊन पाय रेटत खाली शिरली. मी तिच्या पाटावर बसलो. इतकी वर्षं ती जिथं बसायची तिथून गाडीचं पोट दिसत नाही, खालच्या माणसाचे तेवढे पाय दिसतात. अठरा वर्षांत तिच्या टाचांना एवढ्या भेगा पडल्यात हे मी कधी बघितलं नव्हतं. मी अंदाजानं उजेड टाकला. आतून बाटलीच्या काचेवर ब्रश टेकल्याचा बारीक आवाज आला, आणि मग काहीच नाही. ती थांबली होती.

"नीट धरा," ती आतून म्हणाली. "उजेड हलतोय."